चार आण्यांच्या पावतीपासून दिल्लीच्या फायलीपर्यंत

डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावने एकाच महिन्यात दोन दृश्ये पाहिली. ९ तारखेला सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले. त्याच दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीने नेहमीप्रमाणे मराठी भाषकांचा महामेळावा पुकारला होता. त्याला परवानगी मिळाली नाही, नेते आणि कार्यकर्ते पोलिसांच्या गाडीत बसले. पुढे दोन आठवडे झाले असतील-नसतील, तोच हे शहर दिव्यांच्या माळांनी उजळून निघाले. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी होती. राज्यात सरकार काँग्रेसचे, सोहळाही काँग्रेसचा, आणि महामेळाव्याला नकार देणारे पोलीस खातेही त्याच सरकारचे.

यात कोणाला विसंगती दिसली नाही, कारण सीमाभागातल्या आमच्या तीन पिढ्यांना काँग्रेस माहीत आहे ती सरकार म्हणूनच. कधी बंगळूरचे, कधी मुंबईचे, कधी दिल्लीचे. पण टिळकवाडीतली ती काँग्रेस विहीर ज्यांनी अधिवेशनाला आलेल्या माणसांची तहान भागावी म्हणून खोदली, त्यांची काँग्रेस सरकार नव्हती. ती सरकारच्या विरोधातली चळवळ होती आणि भाषावार प्रांत हे त्या चळवळीचे वचन होते. चळवळीचा राज्यकर्ता पक्ष कसा झाला आणि त्या वाटेवर आपल्या भाषेचा प्रश्न कोठे गळून पडला, याचा माग काढल्याशिवाय सीमाप्रश्नाचे मूळ हाती लागत नाही.

१८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले, तेव्हा सारा कारभार इंग्रजीत चालला. पुढची तीसेक वर्षे वकील, संपादक, प्राध्यापक अशा मंडळींची ती वार्षिक सभा होती. शेतकऱ्याला तिचा पत्ता नव्हता आणि तिलाही शेतकऱ्याची फारशी निकड नव्हती. लोकमान्यांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग काढली ती याच बेळगावात, आणि स्वराज्याची भाषा बाजारपेठेत आणली. लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, त्यासाठी प्रांत भाषावार हवेत, असे टिळकांचे मत होते. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये आंध्रसाठी वेगळी प्रांतिक समिती मागण्यात आली. अध्यक्षा ॲनी बेझंट यांचा तिला विरोध होता. गांधीजीही म्हणत होते, थोडे थांबा. टिळक मात्र बाजूने उभे राहिले. मागणी करणाऱ्यांच्या आघाडीवर होते डॉ. पट्टाभी सीतारामय्या. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

तीन वर्षांनी, डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात, गांधीजींनीच काँग्रेसची घटना नव्याने घडवली. सभासदत्वाची वर्गणी चार आणे ठरली. पंधरा जणांची कार्यकारिणी आली. इंग्रजांनी पाडलेले प्रांत बाजूला ठेवून काँग्रेसने आपले २१ प्रांत भाषेप्रमाणे आखले. इंग्रजांचा मुंबई इलाखा तेव्हा कराचीपासून कारवारपर्यंत पसरला होता. सिंधी, गुजराती, मराठी, कानडी अशी चार भाषांची माणसे एका गव्हर्नराखाली होती आणि वरची भाषा इंग्रजी. काँग्रेसने त्यातून सिंध, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक आणि मुंबई शहर अशा निरनिराळ्या समित्या काढल्या. खेड्यातल्या माणसाने चार आणे टाकले की त्याला पावती त्याच्या भाषेत, सभा त्याच्या भाषेत, ठराव त्याच्या भाषेत. यामागे उदारपणापेक्षा व्यवहार अधिक होता. परक्या सरकारशी असहकार करायचा तर करवसुली, शाळा, कचेऱ्या यांच्यापासून कोट्यवधी माणसे दूर काढावी लागणार होती, आणि ती इंग्रजीतल्या ठरावाने हलणार नव्हती.

२६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला बेळगावात अधिवेशन भरले. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. सभासदाने महिन्याला २००० वार सूत द्यावे, असे येथेच ठरले. यजमान होती कर्नाटक प्रांतिक समिती, आणि स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव देशपांडे. मातृभाषा मराठी, आत्मचरित्र लिहिले तेही मराठीत, आणि लोक त्यांना म्हणत कर्नाटक सिंह. स्वयंसेवक दलाचे डॉ. ना. सु. हर्डीकर हुबळीचे. त्याच मांडवात कर्नाटकाच्या उदयाचे कानडी गीत गायले गेले आणि गाणाऱ्या मुलींत लहानगी गंगूबाई हनगल होती.

येथे एक गोष्ट आपण मराठी माणसांनी आपल्याशीच कबूल केली पाहिजे. काँग्रेसच्या नकाशात बेळगाव कर्नाटक प्रांतिकाकडे होते. आजही वादात पलीकडची बाजू हा दाखला देते, तेव्हा आपल्यातले काही जण तो ऐकूनच घेत नाहीत. तो ऐकावा, आणि मग विचारावे की त्या रेषेने तेव्हा नेमके काय ठरत होते? सूत कोणाकडे जमा करायचे, वर्गणीचा हिशेब कोणाला द्यायचा, सत्याग्रहींची तुकडी कोणी पाठवायची, एवढेच. शेताचा उतारा कोणत्या लिपीत मिळणार, पोराला शाळा कोणत्या भाषेची, कोर्टाचे समन्स वाचता येणार की नाही, यातले काहीही त्या रेषेवर अवलंबून नव्हते. ती कामाच्या सोयीची रेघ होती. तिच्या अलीकडचा मराठी माणूस पलीकडच्या कानडी माणसाबरोबर एकाच तुरुंगात जात होता. चळवळीची रेघ राज्याची हद्द झाली, तेव्हा तिचा अर्थ पार बदलला.

सत्तेची पहिली चव

१९२८ च्या नेहरू अहवालाने, म्हणजे मोतीलालजींच्या अहवालाने, भाषावार प्रांतरचनेला पाठिंबा दिला. १९३७ च्या ऑक्टोबरात अखिल भारतीय समितीने कलकत्त्यात तो पुन्हा उच्चारला. १९४५-४६ च्या निवडणूक जाहीरनाम्यातही, शक्य तेथवर भाषा आणि संस्कृती पाहून प्रांत, असे शब्द होते. वचन एवढ्या वेळा दिले गेले. पण मधल्या काळात एक मोठी घडामोड झाली होती, तिच्याकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

१९३७ च्या जुलैत काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली. मुंबईत बाळासाहेब खेर, मध्यप्रांत-वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे. कालपर्यंत ज्या कलेक्टर कचेरीवर मोर्चा जात होता, तिथला कलेक्टर आता काँग्रेसच्या मंत्र्याला सलाम करू लागला. चमत्कार असा की, या दोन-तीन वर्षांत काँग्रेसचे सभासद पाच लाखांच्या आसपास होते ते चाळीस लाखांच्या वर गेले. एवढे देशभक्त एकाएकी कोठून उपजले? परवाना हवा असलेला, बदली हवी असलेला, लोकल बोर्डाची जागा हवी असलेला माणूस चार आणे घेऊन दारात उभा राहिला होता. खोट्या सभासद नोंदणीच्या तक्रारी जागोजाग झाल्या. १९३९ साली गांधीजींनी वैतागून लिहिले की, ही घाण चालू देण्यापेक्षा काँग्रेसला सन्मानाने मूठमाती देणे बरे. स्वातंत्र्याला अजून आठ वर्षे होती.

त्यातच १९३८ चे डॉ. खरे प्रकरण घडले. खऱ्यांनी गव्हर्नरकडे राजीनामा दिला, महाकोशलच्या मंत्र्यांना वगळून वरिष्ठांना न विचारता नवे मंत्रिमंडळ बनवले. वल्लभभाई, मौलाना आझाद आणि राजेंद्रबाबू यांच्या पार्लमेंटरी उपसमितीने त्यांना पायउतार व्हायला लावले आणि पंडित रविशंकर शुक्ल यांना गादीवर बसवले. नागपूरकडच्या मराठी मंडळींना हा घाव बराच काळ झोंबला. खऱ्यांचे पुढचे राजकारण पाहता त्यांची कड घ्यावीशी वाटत नाही. परंतु त्या वेळी तत्त्व एक ठरले, की मंत्री लहान आणि संघटना मोठी.

नऊ वर्षांनी हेच तत्त्व पालथे झाले. १९४७ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते आचार्य कृपलानी. त्यांचे म्हणणे साधे होते. सरकार काँग्रेसचे आहे, तर मोठ्या निर्णयाआधी काँग्रेसच्या अध्यक्षाला विचारा. नेहरू आणि पटेल यांचे म्हणणेही चुकीचे नव्हते. मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार असते, राज्याची गुपिते पक्षाच्या कचेरीत सांगता येत नाहीत. नोव्हेंबर १९४७ मध्ये कृपलानींनी राजीनामा दिला. आता संघटना लहान आणि मंत्री मोठा झाला. १९५० साली पुरुषोत्तमदास टंडन अध्यक्ष झाले, वर्षभरात नेहरूंशी त्यांचे बिनसले, सप्टेंबर १९५१ मध्ये तेही गेले आणि पंतप्रधान स्वतःच पक्षाध्यक्ष झाले. मग १९५१-५२ ची पहिली निवडणूक आली. लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसने जिंकल्या, मते होती शेकडा ४५ च्या घरात. तिकीट कोण वाटणार, हा पक्षातला सर्वांत मोठा प्रश्न त्या दिवसापासून झाला.

गांधीजींना हे आधीच दिसले होते. २९ जानेवारी १९४८ ला, म्हणजे खून होण्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी एक मसुदा लिहिला. काँग्रेसचे प्रचारयंत्र म्हणून असलेले काम संपले, आता ती विसर्जित करून सात लाख खेड्यांसाठी लोकसेवक संघ उभारावा, असे त्यात होते. मसुदा राहिला कागदावर. नवी घटना झाली ती निराळीच. वेगळे सभासदत्व आणि वेगळी घटना असलेल्या गटाला काँग्रेसमध्ये राहता येणार नाही, असे १९४८ च्या आरंभी ठरले आणि मार्चमध्ये नाशिकला समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. त्याच सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी शेतकरी कामगार पक्षाची वाट धरली. चळवळीच्या मांडवात सगळ्यांना जागा असते. पक्षाला सभासदांची यादी लागते आणि यादीतून नावे खोडावी लागतात.

वचनाचे काय झाले

आता भाषेकडे येऊ. मे १९४६ मध्ये बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव येथे झाला, आणि जुलैत संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली, तिचे अध्यक्ष शंकरराव देव. हेच शंकरराव तेव्हा अखिल भारतीय काँग्रेसचे सरचिटणीसही होते. एका हाताने मागणी लिहायची आणि दुसऱ्या हाताने ती मागणी वरिष्ठांकडे घेऊन जायची, अशी त्यांची अवस्था. १९५० साली ते अध्यक्षपदासाठी टंडन आणि कृपलानींच्या विरुद्ध उभेही राहिले आणि पडले. पुढे ते सर्वोदयाकडे वळले. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण त्या काळच्या महाराष्ट्रातल्या प्रामाणिक काँग्रेसवाल्याची कोंडी त्यांच्याइतकी कोणाच्याच वाट्याला आली नसेल.

नोव्हेंबर १९४७ मध्ये घटना समितीत पंडित नेहरू म्हणाले, भाषावार प्रांताचे तत्त्व मान्य, पण आधी देशाची सुरक्षितता आणि स्थैर्य. फाळणीच्या रक्ताचे डाग ओले होते, हैदराबादचा निजाम अडून बसला होता. त्या घडीला हे बोलणे अगदीच खोटे होते, असे म्हणता येत नाही. त्याच जानेवारीत गांधीजी मात्र सांगत होते की, हे काम काँग्रेसने पूर्वीच पत्करले आहे, ते पार पाडावे. १९४८ च्या जूनमध्ये न्या. दार यांचा आयोग नेमला गेला. डॉ. आंबेडकरांनी त्याच्यापुढे महाराष्ट्राच्या भाषिक प्रांताच्या बाजूने निवेदन दिले. डिसेंबरात आयोगाने भाषावार रचनेविरुद्ध कौल दिला. लोकांत चलबिचल झाली, तेव्हा जयपूर काँग्रेसने तिघांची समिती बसवली. जवाहरलाल, वल्लभभाई आणि पट्टाभी. होय, १९१७ साली आंध्रची वेगळी समिती मागणारे तेच पट्टाभी सीतारामय्या, आता काँग्रेसचे अध्यक्ष. एप्रिल १९४९ च्या जेव्हीपी अहवालाचा आशय असा की, काँग्रेसने हे तत्त्व मानले तेव्हा त्याच्या अंमलबजावणीत काय अडचणी येतील याचा विचार झालेला नव्हता. आता एकता आणि आर्थिक उन्नती आधी, आंध्रचा विचार करता येईल, बाकीचे पुढे पाहू.

हे वाक्य नीट वाचावे. अंमलबजावणीचा विचार झाला नव्हता, हे खरे नाही. १९२० पासून सत्तावीस वर्षे काँग्रेसने ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या खर्चाने अमलात आणले होते. निरनिराळ्या भाषांच्या प्रांतिक समित्या एका झेंड्याखाली चालल्या, तुरुंगात गेल्या, आणि त्यापायी देश फुटला नाही. बदलले होते ते वेगळेच. १९२० साली खेड्यातल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी त्याच्या भाषेची गरज होती. १९४९ साली राज्य हातात होते, कलेक्टर होता, पोलीस होते, आणि तो माणूस घरात शांत बसलेलाच बरा वाटत होता. शिवाय मुंबई राज्य द्विभाषिकच नव्हे, त्रिभाषिक राहिले, तर काँग्रेसच्या समित्या मात्र भाषेप्रमाणे वेगळ्याच राहिल्या. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक आणि मुंबई शहर अशा चार समित्या एका मंत्रिमंडळाकडे आपापली माणसे घेऊन ओढाताण करू लागल्या. त्यात मुंबई शहर समितीचे स. का. पाटील संयुक्त महाराष्ट्राला उघड विरोध करत होते. ज्या समित्या लोकांना जागवण्यासाठी काढल्या, त्या वाटा मागणाऱ्या पेढ्या झाल्या.

पुढचा इतिहास वाचकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पोट्टी श्रीरामुलू १९ ऑक्टोबर १९५२ ला उपोषणाला बसले आणि १५ डिसेंबरला गेले. जे बत्तीस वर्षांच्या ठरावांनी झाले नाही ते एका मरणाने झाले, १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य आले. हुबळीत कानडी लोकांनीही त्याच वर्षी काँग्रेस नेत्यांना जाब विचारला. फाजल अली आयोगाचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ ला आला. चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून काढून मुंबई राज्याला द्यावा आणि बेळगाव कर्नाटकात ठेवावे, असे त्यात होते. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या. १७ जानेवारी १९५६ ला त्या बेळगावात चालल्या. मुंबईचे मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई, ज्यांनी १९३० साली इंग्रजांची डेप्युटी कलेक्टरी सोडून चळवळीत उडी घेतली होती. हुतात्म्यांचा आकडा महाराष्ट्राने १०५ असा पाठ केला, पुढे यादीत आणखी नावे आली. फलटणला १९५५ च्या डिसेंबरात यशवंतराव चव्हाणांनी सांगून टाकले होते की, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंकडे जाईन. चिंतामणराव देशमुखांनी मात्र १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले. ते चळवळीतून आलेले नव्हते, सनदी नोकरीतून आलेले होते, हे मला नेहमी नवलाचे वाटते.

फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली. तिच्यात कोण होते? एस. एम. जोशी आणि त्यांचे समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, डांगे आणि कम्युनिस्ट, बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना काँग्रेसने पक्ष होताना दाराबाहेर केले होते, किंवा ते आपणहून बाहेर पडले होते. जुन्या काँग्रेसचे जे काम होते, लोकांना त्यांच्या भाषेत उठवण्याचे, ते आता काँग्रेसविरुद्ध चालू झाले. शाहिरांचा डफही तिकडेच गेला.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेले. कानडी शेजाऱ्यांसाठी चळवळीचे वचन त्या दिवशी पुरे झाले, आणि त्याचे दुःख आपण मानू नये. १९२४ च्या मांडवात ते गीत गाणाऱ्यांचा तो हक्कच होता. एकाच वचनाचे फळ रस्त्याच्या एका बाजूला पिकले आणि दुसऱ्या बाजूला नाही, तक्रार एवढीच आहे. १९६६ च्या महाजन आयोगाने १९६७ साली २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला सुचवली, बेळगाव शहर होते तिथेच ठेवले. महाराष्ट्राने ते फेटाळले. २००४ साली ८६५ गावांचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला, तो अजून उभा आहे. या सर्व काळात मुंबईत, बंगळुरात आणि दिल्लीत अनेक वर्षे एकाच पक्षाची सरकारे होती. तिन्ही ठिकाणच्या माणसांनी एका टेबलाशी बसून प्रश्न मिटवला नाही, कारण तोवर त्यांना एकमेकांपेक्षा आपापल्या मतदारांना उत्तर द्यायचे होते.

आता थोडे घरचेही बोलू, कारण हा आजार काँग्रेसलाच झाला असे समजणे भाबडेपणाचे होईल. महाराष्ट्र एकीकरण समिती चळवळ म्हणून जन्मली. सीमाभागातल्या खेड्यांनी तिला वर्गणी दिली, साराबंदी केली, तुरुंग भरले, एकामागून एक आमदार निवडून दिले. निवडणूक हे लोकमत दाखवायचे साधन होते. हळूहळू साधनच काम होऊन बसले. एका समितीतून दुसरी निघाली, एकाच मतदारसंघात समितीच्या नावाने दोन दोन अर्ज आले. २०१८ साली विधानसभेत समितीचा एकही माणूस गेला नाही, २०२३ सालीही नाही. बेळगावच्या ज्या महापालिकेत वर्षानुवर्षे मराठी महापौर बसला, तेथे २०२१ साली ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या. निवडून आलेल्यांत मराठी आडनावे भरपूर आहेत. सभागृहात सीमाप्रश्नाचा ठराव मांडणारा मात्र शोधावा लागतो.

दर १७ जानेवारीला हुतात्मा चौकात फुले वाहिली जातात. गर्दी अजून होते. त्यानंतर गावोगाव बैठका लागतात, आणि निवडणूक जवळ असली तर बैठकीत पहिला प्रश्न येतो तो उमेदवार कोण हा. उताऱ्यावरची भाषा, मराठी शाळेचा रिकामा राहिलेला शिक्षक, बसवरची पाटी हे विषय पत्रिकेत असतात, पण त्यांची पाळी येईपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात आणि लांबच्या वाडीवरची माणसे उठून गेलेली असतात.